तीनदा शून्य

१८ मार्च, सोमवार

ऑफिसच्या धोका-नोंदणीत अकरा रकाने आहेत. धोका काय, किती मोठा, कोण बघणार, कधीपर्यंत निपटणार, वगैरे. 'मला झोप लागत नाही' असा रकाना त्यात नाही, आणि असता तरी मी भरला नसता. म्हणून ही वही घेतली, लालबागच्या बाजारातून, वर मोराचं चित्र असलेली. दुसरी नव्हतीच.

आजपासून उत्तरेकडची बाजू माझ्याकडे आली. फणसवाडीत तीन चाळी पाडून तिथे तेहतीस मजली इमारत व्हायची आहे, खाली गाड्यांसाठी तीन तळघरं. माझं काम म्हणजे ही सगळी इमारत आधी कॉम्प्युटरवर बांधायची. खांब, पाइप, जिने, खड्डा आणि शेजारपाजारसुद्धा. कुठे काय बिघडू शकतं ते सिमेंट पडायच्या आधी मॉडेलमध्ये दिसलं पाहिजे. आपल्या लेकीबद्दल अण्णा शेजाऱ्यांना सांगतात, "आमचा चेडू कॉम्प्युटरवर बिल्डिंगी पाडता आणि बांधता." 'पाडता' हे त्यांनी पदरचं घातलंय.

उत्तरेला परेरांचं घर आहे. एकमजली, लाकडी जिन्याचं, शंभरीच्या पुढचं. खाली एडना परेरा आणि त्यांचे भाऊ कायतान, वर आणि बाजूला चार भाडेकरू कुटुंबं. मिळून एकोणीस माणसं. आमचा खड्डा त्यांच्या मागच्या भिंतीपासून नऊ फुटांवर सुरू होणार आणि पस्तीस फूट खाली जाणार. भिंत हलते का ते कळावं म्हणून आज घरावर चार चकचकीत स्टिकर लावले, पत्त्याच्या पानापेक्षा लहान. खड्ड्यापलीकडे बसवलेली दुर्बीण रोज सकाळी सहाला त्यांच्याकडे बघणार आणि आकडा थेट मॉडेलमध्ये येणार. पाच मिलिमीटरपर्यंत घर हिरवं दिसेल, पंधरापर्यंत पिवळं, त्यापुढे लाल. लाल म्हणजे काम बंद आणि घरातली माणसं बाहेर. मागच्या भिंतीवर मात्र एकच स्टिकर बसला, मागच्या खोलीच्या खिडकीशेजारी. बाकीची भिंत मोरीच्या पत्र्यांनी झाकलेली आहे.

एडना आंटी चौऱ्याहत्तरच्या. बॅलार्ड इस्टेटमधल्या कुठल्याशा ऑफिसात टायपिस्ट होत्या. कंबरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"काय चिकटवतेस बाय माझ्या भिंतीला?"

"घर जरासुद्धा हललं तर ह्याने आम्हाला कळेल, आंटी. फक्त ह्याला हात लावू नका. कोणालाच लावू देऊ नका."

"आणि हललं तर?"

"लगेच खणणं थांबवू."

त्यांनी मान डोलावली आणि मला कोकम सरबत दिलं. मी सगळ्यांना हेच सांगते. पण त्या ज्या पद्धतीने ऐकत होत्या, त्याने जरा दडपण आलं.

२२ मार्च, शुक्रवार

पहिला थर खणून झाला. आकडे एक, एक, दोन. घर हिरवंगार.

बिल्डरच्या मीटिंगमध्ये विनीत सरांनी (आमचे प्रोजेक्ट हेड) पडद्यावर मॉडेल फिरवून दाखवलं आणि माझं नाव घेतलं. "उत्तर बाजू श्रेयाची. ती बघते, म्हणून मी बघत नाही," म्हणाले. सगळे हसले. सहा वर्षांत पहिल्यांदा कोणी माझं नाव बिल्डरसमोर घेतलं. घरी येऊन अण्णांना सांगितलं तर म्हणाले, "हरभऱ्याच्या झाडार चढवल्यान तुका." मी दोन तास त्यांच्याशी बोलले नाही.

४ एप्रिल, गुरुवार

दुसरा थर संध्याकाळी पूर्ण झाला. उकाडा इतका की हेल्मेटखाली केस ओले. बाकी काही नाही.

५ एप्रिल, शुक्रवार

सकाळी मॉडेल उघडलं तर मागच्या भिंतीचा आकडा एका रात्रीत सातने वाढलेला. सात! बाकीचे तीन स्टिकर जागच्या जागी. धावत साइटवर गेले आणि खड्ड्याच्या कडेने बघितलं तर काय, परेरांची मागची भिंत निळी झालेली. परवापर्यंत पिवळी होती. शिडी लावलेली, पेंटर चहा पीत बसलेला.

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. मे महिना जवळ आला. इथल्या ख्रिश्चन वाड्यांमध्ये मेमध्ये क्रूसासमोर प्रार्थना असते आणि त्याआधी घरं रंगवतात. लहानपणी आम्ही चण्यांच्या आशेने अशा प्रार्थनांना मागे उभे राहायचो. मला हे ठाऊक आहे, आमच्या पवईहून येणाऱ्या इंजिनिअरांना कुठून ठाऊक असणार! पेंटरला कुंपणावरून विचारलं, "भिंतीवरचं सगळं काढलं होतं का?" म्हणाला, "काढल्याशिवाय रंग कसा लागणार ताई? काढलं, रंगवलं, परत लावलं." झालं. स्टिकर काढून परत लावताना सात मिलिमीटर इकडेतिकडे होणारच. आंटी चर्चला गेल्या होत्या, त्यांना विचारायची गरजही वाटली नाही.

अशा वेळी मॉडेलमध्ये 'नवीन शून्य' करता येतं. स्टिकर आता जिथे आहे तिथून मोजायला सुरुवात करायची. विनीत सरांना फोन केला.

"तूच ठरव. तुला त्या लोकांचं माहीत आहे," ते म्हणाले. "तुझ्याच लॉगिनने कर आणि मला एक मेल टाकून ठेव."

केलं. घर हिरवं. आपली माणसं, आपल्या चालीरीती माहीत असण्याचा असा उपयोग होतो. नुसत्या सॉफ्टवेअरला हे कळलं नसतं. आज पिवळं, उद्या लाल झालं असतं, काम बंद पडलं असतं, आणि कशासाठी, तर डिस्टेंपरसाठी.

१३ एप्रिल, शनिवार

परेरांच्या पडवीत रहिवाशांची मीटिंग. वरच्या मजल्यावरची अपेक्षा फार चिडलेली होती. तिचं बाळ आठ महिन्यांचं आहे. "दिवसभर हादरे बसतात. भांडी वाजतात. आम्हाला दुसरीकडे जागा द्या, नाहीतर काम थांबवा," म्हणाली. इतरही तिच्याच बाजूने बोलायला लागले.

मी टॅबवर मॉडेल उघडून एकेकाला दाखवलं. हा तुमचा जिना, ही तुमची खिडकी, हा हिरवा रंग. लोक आपलं घर असं पडद्यावर फिरताना बघून गप्प होतात, हा माझा अनुभव आहे. अपेक्षा तरी कुरकुरत होती, तेव्हा एडना आंटीच तिला म्हणाल्या, "अगं, श्रेयाने सांगितलं ना. रोज बघते ती. हिरवं आहे तोवर आपल्याला काय धाड भरली आहे?" मग मीटिंग मोडली. विनीत सरांना हे कळवलं तर त्यांनी अंगठा पाठवला.

जाताना कायतान अंकलनी मला मागे बोलावलं. ते गोदीत क्रेन चालवायचे, कमी बोलतात. मागच्या खोलीचं दार ढकलून दाखवलं. वरच्या कोपऱ्यात अडकत होतं.

"आठवडा झाला. लागत नाही."

"लाकूड फुगलं असेल, अंकल. किंवा रंगाचा थर बसला असेल."

"दाराला रंग नाय मारला," ते म्हणाले. मग कानस घेऊन दार घासत बसले.

रात्री जेवताना हे अण्णांना गंमत म्हणून सांगितलं. ते घास तोंडाशी धरून म्हणाले, "एप्रिलात लाकूड फुगता काय गो?" प्रत्येक गोष्टीत खोड काढायची, ही त्यांची जुनी सवय आहे.

१८ एप्रिल, गुरुवार

तिसरा थर झाला. आता खड्डा बावीस फूट.

१९ एप्रिल, शुक्रवार

पुन्हा तेच. मागची भिंत, सहा मिलिमीटर. ह्या वेळी घाबरले नाही. साइटवरून कॅमेऱ्याने ओढून फोटो काढला तर स्टिकरच्या अगदी बाजूला, खिडकीच्या चौकटीला, कपड्यांची दोरी बांधलेली दिसली. त्यावर चादरी. ओल्या चादरी ओढताना हात लागतो, चिकटवलेलं सरकतं. आमच्या चाळीत तर अशी चकचकीत वस्तू दोन दिवस भिंतीवर टिकली नसती.

नवीन शून्य. मेल. ह्या वेळी सरांना फोन केला नाही, नुसतं लिहिलं. त्यांचं उत्तर आलं, "नोटेड." एका शब्दात. माझ्या निर्णयावर ते आता जास्त प्रश्न विचारत नाहीत.

अण्णांना उगाच सांगितलं. ते मिलमध्ये फिटर होते. म्हणाले, "आमच्या मिलीत काटो हललो काय पयलां मशीन बघीत, मगे काटो. तू पयलां काटोच पुसतस." मी म्हणाले, अण्णा, ती मिल होती, हे वेगळं आहे. ते म्हणाले, "त्या दिसा खड्ड्यात काय चाललेला, ता बघितलंस?" मी म्हटलं, खड्ड्यात रोजच काहीतरी चाललेलं असतं.

२७ एप्रिल, शनिवार

काल चौथा थर. आज आठ मिलिमीटर.

खरं लिहायचं तर मला बरं वाटत नव्हतं. तीनदा तोच स्टिकर. मी मॉडेल तसंच ठेवलं आणि आधी घरी जाऊन बघते असं ठरवलं. तेवढ्यात सरांचाच फोन आला.

"श्रेया, सोमवारी बिल्डर येणार आहे. उत्तर बाजू काय म्हणते?"

"आठ आलेत, सर. परत मागचीच भिंत."

"परत कोणीतरी हात लावला असेल."

"बघून येते."

"बघ की. पण मॉडेल आजच लॉक होणार आहे ना? तुझं मत काय आहे ते लिहून पाठव. मी सांगत नाही, तूच तिथली तज्ज्ञ आहेस."

माझं मत काय होतं? मला माहीत नव्हतं. पण सहाला मॉडेल लॉक होणार होतं आणि दोनदा जे कारण लागू होतं ते तिसऱ्यांदा का नाही, असं वाटलं. 'रहिवाशांच्या हालचालीमुळे स्टिकर सरकल्याने नवीन शून्य करण्याची शिफारस' असं लिहिलं. "नोटेड." शून्य केलं. मग परेरांकडे जायला वेळ उरला नाही. सोमवारी जाईन.

२९ एप्रिल, सोमवार

मीटिंग उत्तम झाली. सरांनी माझी शिफारस पडद्यावर दाखवली, खाली माझं नाव मोठ्या अक्षरात. सगळं श्रेय मला देतात, स्वतःचं नाव कुठेच लावत नाहीत. एरवीचे साहेब नेमके उलटे असतात. ह्याबद्दल आनंद व्हायला हवा होता. संध्याकाळी डोकं इतकं दुखलं की जेवले नाही. परेरांकडे गेले नाही.

३ मे, शुक्रवार

सगळं क्रमाने लिहिते.

एडना आंटींनी प्रार्थनेला बोलावलं होतं. साडेपाचलाच गेले. अंगणातल्या क्रूसाला झेंडूच्या माळा घालणं चाललं होतं. कायतान अंकल पडवीत मोठ्या टोपात चणे ढवळत होते. माळांनी हात पिवळे झाले म्हणून धुवायला मागे गेले. मागच्या खोलीचं दार आता अर्धंच उघडत होतं. खिडकीतून सहज डोकं बाहेर काढलं आणि स्टिकर हाताच्या अंतरावर दिसला. लावल्यानंतर पहिल्यांदाच मी तो इतक्या जवळून बघत होते.

भिंत निळी. स्टिकरच्या भोवती मात्र बोटभर पिवळी चौकट. जुना रंग.

आंटींना हाक मारली. "आंटी, इथे रंग का नाही?"

"तूच सांगितलेलंस ना, हात लावू नका म्हणून. पेंटरने पत्रे-बित्रे काढून परत लावले, पण तिकडे मी त्याला फिरकू दिलं नाही. एवढा तुकडा मी स्वतः रंगवला, खिडकीतून बाहेर वाकून. कायतानने मागून धरलेलं मला. म्हटलं, धक्का लागला तर श्रेयाचं सगळं मोजमाप चुकेल."

"आणि ही दोरी?"

"ती मम्मीच्या वेळेपासून तिथेच आहे. पण तू ते लावून गेल्यापासून ह्या खिडकीत मी कपडे धरून उतरवते, ओढत नाही. का बाय? काय झालं?"

मी काही नाही म्हणाले. प्रार्थनेला मागे उभी राहिले. लोक गात होते आणि मी मनात बेरीज करत होते. सात, सहा, आठ. मार्चमधले दोन. तेवीस. लालची हद्द पंधरा. स्टिकर कधीच हलला नव्हता. प्रत्येक वेळी आदल्या दिवशी एकेक थर खणलेला होता आणि प्रत्येक वेळी भिंत खड्ड्याकडे झुकली होती. मला ते तीनदा सांगितलं गेलं आणि तीनदा मी ते पुसलं. आंटींनी द्रोणात चणे दिले. ते तसेच घरी आणले.

४ मे, शनिवार

नऊला सरांच्या केबिनमध्ये. सगळं सांगितलं. ते शांतपणे ऐकत होते.

"मंगळवारी त्या बाजूला तळाची स्लॅब पडते," ते म्हणाले. "एकदा ती पडली की भिंतीला आधार मिळतो. तीन दिवस थांब."

"शेवटचा थर अजून खणायचा आहे, सर. तो उद्या."

"म्हणूनच म्हणतो, तीन दिवस."

"मी शून्य काढतेय. लाल दिसू दे."

तेव्हा त्यांनी लॅपटॉप माझ्याकडे वळवला. तिन्ही मेल उघडे होते. "शून्य तू केलंस. शिफारस तुझी, लॉगिन तुझं. मी कुठेही 'कर' म्हटलेलं नाही. लाल केलंस तर पहिला प्रश्न तुलाच विचारतील. मी तुझ्या भल्यासाठी सांगतोय."

महिनाभर ह्या माणसाचं मला किती कौतुक होतं. मला शरम वाटली, त्यांची नाही, माझीच. अण्णांना जे ऐकूनच कळलं होतं ते मला आज कळलं.

जागेवर आले आणि तिन्ही शून्यं काढली. घर लाल झालं. वॉर्ड ऑफिसला फोन केला, साइटवर काम थांबवायची नोटीस काढली आणि टॅब घेऊन परेरांकडे गेले. दुपारचा एक वाजला होता.

मला वाटलं होतं, लाल बघितल्यावर सगळे पटापट निघतील. कोणी हललं नाही. अपेक्षाच म्हणाली, "मी सांगत होते तेव्हा तुम्ही हिरवं दाखवलंत. आता आम्हाला बाहेर काढून घर लाटायचं आहे का बिल्डरला?" बाजूचे म्हणाले, एकदा बाहेर पडलं की परत आत कोण घेतं. त्यांचं काही चूक नव्हतं. गिरगावात असं झालेलं सगळ्यांनी बघितलंय. कायतान अंकल टॅबकडे बघत म्हणाले, "काल हिरवा, आज लाल. उद्या परत हिरवा करशील."

आणि एडना आंटी माझ्या बाजूने बोलत होत्या. "काहीतरी मशीन बिघडलं असेल तिचं. घाबरलीय पोर. पाणी द्या तिला."

मग मी सांगितलं. मशीन बिघडलेलं नाही. भिंत पाच एप्रिललाच हलली होती. मला दिसलं होतं. मला वाटलं तुम्ही रंग देताना स्टिकर काढलात, मग वाटलं कपडे वाळत घालताना हलवलात. मी विचारायलासुद्धा आले नाही. तीनदा मी स्वतःच्या हाताने आकडा शून्य केला, आणि तुम्हाला दाखवलेलं हिरवं खोटं होतं.

अपेक्षा उठली, आत गेली आणि बाळाला घेऊन बाहेर आली. तिच्या मागून एकेक जण. कायतान अंकलनी गॅस बंद केला. एडना आंटी शेवटी निघाल्या. माझ्याकडे न बघता. सहाच्या आत एकोणीस माणसं चर्चच्या शाळेत होती. मी पटावर नावं दोनदा मोजली.

६ मे, सोमवार

शनिवारपासून काम बंद होतं, तरी सकाळी दहा चाळीसला मागची भिंत गेली. तिच्यासोबत मागची खोली आणि वरचं अपेक्षाचं स्वयंपाकघर. घरात कोणी नव्हतं. उरलेलं घर दुपारी धोकादायक म्हणून जाहीर झालं. ते उतरवणार.

९ मे, गुरुवार

मला वाटलं होतं मला काढून टाकतील. उलट विनीत सरांनी चहा मागवला.

बिल्डरने पत्रक काढलंय. डिजिटल मॉडेलने वेळीच इशारा दिल्यामुळे एकोणीस जीव वाचले. सरांनी वाचून दाखवलं. पुढच्या महिन्यात एका मोठ्या परिषदेत मी हे सादर करायचं आहे. फक्त चौकशीसाठी एक निवेदन हवंय. रहिवाशांनी स्टिकरला हात लावल्यामुळे नियमाप्रमाणे शून्य करावं लागलं, असं. "तू मेलमध्ये तेच लिहिलं होतंस," ते म्हणाले. "फक्त परत सही कर."

सही केली तर काय होईल तेही मी विचारलं. शेजाऱ्यांनी उपकरणाशी छेडछाड केली असेल तर घर बांधून द्यायची जबाबदारी बिल्डरवर येत नाही, असं परेरांशी झालेल्या करारात आहे. सही नाही केली तर तीनदा धोका लपवल्याबद्दल माझ्यावर केस होईल आणि ह्या धंद्यात मला पुन्हा कोणी दारात उभं करणार नाही.

मी नाही म्हणाले नाही. विचार करते म्हणाले. हे इथे लिहून ठेवते, कारण पुढे कधी मी स्वतःला मोठी शूर समजायला लागेन.

११ मे, शनिवार

विचार करतेय. अण्णा काही विचारत नाहीत. त्यांनी विचारलं असतं तर बरं झालं असतं.

१३ मे, सोमवार

चार दिवसांनी शाळेत गेले. दुसरीच्या वर्गात परेरा बहीणभाऊ आहेत. बाकं भिंतीला लावून गाद्या टाकल्यात. फळ्यावर अजून पाढे आहेत. कायतान अंकलनी मला बघितलं आणि ते बाहेर निघून गेले. आंटी छोट्या बाकावर बसल्या होत्या, गुडघे वर आलेले.

मी निवेदनाचं सांगायला तोंड उघडलं तर त्याच म्हणाल्या, "काळजी करू नको. मी लिहून दिलं."

"काय लिहून दिलं?"

"तुमचा तो विनीत आला होता शनिवारी. चांगला बोलतो. म्हणाला, श्रेयावर केस होतेय, जेलसुद्धा होईल. तुम्ही लिहून दिलंत की रंग देताना स्टिकर तुम्ही हलवला, तर ती सुटते. मी लिहून दिलं. टाइप केलेलं होतं, दोन स्पेलिंग चुका होत्या, त्या सुधारल्या आणि सही केली."

"आंटी, ह्याने तुमचं घर जाणार. ते बांधून देणार नाहीत."

"वाचलं मी. चाळीस वर्षं लोकांची कागदपत्रं टाइप केलीत, मला नाही कळणार?" त्यांनी माझा हात धरला. "घर तर पडलंच ना, बाय. आता तुला कशाला पाडायचं? तू येऊन सांगितलंस म्हणून आम्ही बाहेर आलो. दुसरं कोण आलं होतं सांगायला?"

मी तिथे रडले. मोठ्याने, दुसरीतल्या मुलीसारखी. चार दिवस मी जो विचार करत होते तो त्यांनी एका दुपारी केला होता, आणि माझ्यासाठी.

१४ मे, मंगळवार

सकाळपासून लिहीत होते. वॉर्ड ऑफिसच्या इंजिनिअरांना, पोलीस स्टेशनला आणि चौकशी समितीला. सर्व मूळ आकडे जोडले, तारखांसकट, कुठल्या दिवशी कुठला थर खणला त्यासकट. तीनदा शून्य मी केलं, न बघता केलं, हे लिहिलं. विनीत सरांचं चार तारखेचं बोलणं लिहिलं. ते सगळं भराभर झालं. एका वाक्यापाशी तासभर अडले. शेवटी ते असं लिहिलं: 'श्रीमती एडना परेरा यांनी दिलेला जबाब खोटा आहे. त्यांनी स्टिकरला कधीही हात लावलेला नाही.'

दुपारी तीन वीसला पाठवलं. कंपनीने चारला माझं लॉगिन बंद केलं.

मग शाळेत जाऊन आंटींना सगळं वाचून दाखवलं. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"चौऱ्याहत्तर वर्षांत मला कोणी खोटारडी म्हटलं नाही," त्या म्हणाल्या.

"मी म्हटलं."

"सरकारी कागदावर."

"हो."

त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग जरा सरकल्या आणि बाकावर माझ्यासाठी जागा केली. आम्ही दोघी तिथे बसून राहिलो.